बिनगॅसचा बल्लवाचार्य

शाळेच्या ग्रुपवर नोटीस आली. तिसरीच्या मुलांसाठी 'आगीशिवाय पाककृती' स्पर्धा. पदार्थ पौष्टिक हवा, लहानमोठ्यांना आवडेल असा हवा, मदतीला एक पालक चालेल. आमच्या घरात पालक दोन आणि स्वयंपाक येतो तो दुसऱ्याला. तरीही 'मी जातो' असं मीच म्हणालो. आजवर माझ्या हातून जे काही बिघडलं, ते गॅसवर बिघडलं. दूध उतू गेलं ते गॅसवर, पोह्यांचा कोळसा झाला तो गॅसवर. गॅसच नाही म्हटल्यावर बिघडायचं कुठे?

"काकडीची कोशिंबीर कर," आई म्हणाली. "तेवढं तुला झेपेल."

हे 'झेपेल' मला झोंबलं. मी खजूर, शेंगदाणे, ओट्स आणि जवस यांचे गोळे करणार असल्याचं जाहीर केलं. हेच गोळे एनर्जी बाइट्स म्हणून कॉफीच्या दुकानात काचेच्या बरणीत बसलेले असतात आणि किंमत ऐकूनच अंगातली निम्मी एनर्जी जाते. कन्येने बेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "आईला सुट्टी नाही का मिळणार?"

मी कुठल्याही कामाची सुरुवात वाचनाने करतो. काम पुढे ढकलण्याचा त्याहून प्रतिष्ठित मार्ग मला अजून सापडलेला नाही. खजुराचं मी इतकं वाचलं, की जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराने 'कुठला देऊ?' एवढंच विचारल्यावर मला राहवलं नाही. मेडजूल खजूर मूळचा मोरोक्कोचा, १९२७ साली तिथून ११ रोपं अमेरिकेत नेली, त्यातली ९ जगली आणि तिथल्या मेडजूलच्या बागा त्या नऊ रोपांपासून वाढल्या, हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं. मागे रांग वाढत होती. तो म्हणाला, "पाव किलो की अर्धा?"

मेडजूलचा भाव ऐकून मी किमियावर आलो. किमिया म्हणजे इराणच्या बम भागातला मजाफती खजूर: काळाभोर, मऊ आणि इतका ओलसर की तो फ्रीजमध्येच ठेवतात. माझ्याजवळच्या कृतीत 'खजूर दहा मिनिटे गरम पाण्यात भिजवा' असं होतं. ती कृती कोरड्या, चिवट खजुरासाठी होती हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. मी अर्धा तास भिजवला. मऊ व्हायला नको का?

रंगीत तालीम शनिवारी रात्री ठरली. मी गॅसची शेगडी पुसून तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर साहित्य मांडलं. बायको दारातून बघत होती.

"जवस कच्चेच घालणार आहेस?"

"आगीशिवाय," मी नोटिशीकडे बोट दाखवलं.

"आणि शेंगदाणे?"

शेंगदाणे मी दुकानातून भाजलेले आणले होते. बायको हसली आणि एकेका पुडीला हात लावत गेली. शेंगदाणे भाजलेले. डाळं म्हणजे भाजलेला हरभराच. कुरमुरे आणि राजगिऱ्याच्या लाह्या भट्टीतूनच फुलून आलेल्या. ओट्ससुद्धा वाफवून मग चपटे केलेले. जे जे मी आगीशिवाय म्हणून मिरवत होतो, ते सगळं कुणा भडभुंज्याने नाहीतर कारखान्याने माझ्या आधी शिजवून ठेवलं होतं. खरोखर आगीपासून लांब राहिलेला त्या ओट्यावर मी एकटाच. बायकोने वर्तमानपत्र बाजूला केलं आणि जवस तडतडेपर्यंत भाजून दिले.

आधी शेंगदाणे मिक्सरला लावले. जाडसर कूट हवं होतं. मिक्सर थोडा थोडा, थांबून थांबून फिरवायचा असतो. मी बटण फिरवून ठेवलं आणि फोन बघू लागलो. शेंगदाण्यांना तेल सुटलं आणि कुटाचं लोणी झालं. त्यात भिजलेला खजूर पडल्यावर जे तयार झालं, त्यात बुडवायला समोसा हवा होता. म्हणून ओट्स घातले. सैलच. आणखी एक वाटी. तरी सैल. आणखी दोन. ओट्सचा स्वभाव मला माहीत नव्हता. ते पाणी पितात, पण सावकाश; घातल्या घातल्या काहीच फरक दिसत नाही. मी कंटाळून बाहेर जाऊन बसलो आणि वीस मिनिटांनी परत येऊन, सगळं एकजीव करावं म्हणून, मिक्सर पुन्हा सुरू केला.

एक घरघर झाली, मग नुसती गुणगुण, मग काहीच नाही. आणि घरभर करपल्याचा वास सुटला.

"गॅस बंद कर!" आतल्या खोलीतून आई ओरडली.

"गॅस बंदच आहे," मी म्हणालो. त्यावर आतून बराच वेळ काही उत्तर आलं नाही.

मिक्सर उलटा केल्यावर बुडाशी एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचते. थोड्या वेळाने दाबलं की मिक्सर पुन्हा चालतो. ही माहिती मला शेजारच्या काकूंनी दिली, कारण वास त्यांच्याकडेही गेला होता. भांड्यातला ऐवज मात्र दाबून कशातच बसेना. सुरीने चौकोन पाडले आणि रात्री फ्रीजसमोर उभ्या उभ्या 'चव बघण्यासाठी' सहा खाल्ले. असा एक घास पंचवीस ग्रॅमचा, म्हणजे साधारण शंभर कॅलरींचा. हेही मी वाचलं, पण सहावा संपल्यावर.

रविवारी सकाळी बायकोने विचारलं, "अरे, नोटीस पुरती वाचलीस का? चौथा नियम बघ." मेडजूलचं मूळ शोधत मोरोक्कोपर्यंत गेलेला माणूस चौथ्या नियमापर्यंत पोचला नव्हता. विजेची उपकरणे आणि सुरी चालणार नाही.

मग माळ्यावरून आजीचा लोखंडी खलबत्ता उतरला. आईने दोन वाक्यांत कृती सांगितली: आधी शेंगदाणे कुट, तेल सुटू लागलं की खजूर घाल, पाणी नको, भिजवणं नको, ओट्स नकोत. हाताला तूप लाव. पौष्टिक गोळा त्या काळ्या खलात पाच मिनिटांत जमला. ही कृती घरातच होती तर मला आधी का सांगितली नाही, असं मी विचारलं. "तू विचारलंस कुठे? तू वाचत होतास."

स्पर्धेच्या दिवशी रिक्षात खलबत्ता माझ्या मांडीवर होता. शाळेत कन्या कुटत होती आणि मी बिया काढत होतो. खजूर बारा होते. वाटीत बिया अकरा दिसत होत्या, पण शेजारच्या टेबलावर सँडविचचे तारे आणि बिस्किटांचे किल्ले उभे राहत होते, मोजायला वेळ कुणाला? गोळे छान वळले. खोबऱ्याच्या किसात घोळवून कन्येने ताटलीत गोल मांडले. समोर माझ्या हस्ताक्षरात पाटी: 'साखर अजिबात नाही'.

परीक्षक बाई आहारतज्ज्ञ होत्या. पाटी वाचून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शंभर ग्रॅम खजुरात साठेक ग्रॅम साखरच असते हे त्यांना माझ्याकडून कळायची गरज नव्हती. त्यांनी एक गोळा उचलला, तोंडात टाकला आणि कन्येला कौतुकाने विचारलं, "खजुरात काय असतं गं, बाळा?"

"बी," कन्या म्हणाली.

कट्ट असा आवाज झाला. बाईंनी गालाला हात लावला, रुमालात बी काढून घेतली आणि टेबलाच्या कडेला व्यवस्थित ठेवली. मग ताटलीतला दुसरा गोळा उचलून माझ्यासमोर धरला.

"हा आधी तुम्ही खा."