वर किती आले?

आमच्या भरवेलीत खाणीतून रिटायर झालेला माणूस ओळखायचा असेल, तर त्याला एखाद्या नव्या घरात न्यावं. खुर्चीवर टेकण्याआधी तो छताकडे पाहतो. आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणतात ती आमचीच. तिथं सळईनं छत ठोकून बघायचं असतं. टणटणीत वाजलं तर काम सुरू, बद्द वाजलं तर पळा. मेटकाकाजींनी पस्तीस वर्षं हेच केलं. मेट म्हणजे टोळीचा मुकादम. खालचं छत सुटलं, पण ठोकायची सवय सुटली नाही. आता ते सिनेमे ठोकतात.

तरुणपणी त्यांना गोष्टीत खून लागायचा. 1956 साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आमचं बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिलं. पण कंपनीचं मुख्य ऑफिस नागपुरातच. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीतून बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा यायच्या. दहाव्या पानापर्यंत कुणी मेलं नाही, तर काकाजी पुस्तक परत करायचे. कुणी प्रेमाने ‘ययाती’ दिली. ती त्यांनी काकूंकडे सरकवली: ‘‘हे तू वाच, यात नुसतं मन दुखून रायलं.’’

1979 मध्ये ‘काला पत्थर’ आला. खाणीचा सिनेमा म्हणून अख्खी फर्स्ट शिफ्ट बालाघाटला गेली. अमिताभ आणि शत्रुघ्नची मारामारी रंगात आली असताना काकाजी मागच्या रांगेतून ओरडले, ‘‘अरे, टेकू कुठाय? टेकू लावा आधी!’’ टॉकीजवाल्यानं बाहेर काढलं. त्यांच्या मते सिनेमा फसला तो तिथंच.

मग रामायण आलं. 1987-88 चे ते रविवार. क्वार्टरमध्ये टीव्ही एक, माणसं चाळीस. काकाजी अंघोळ करून, हात जोडून बसायचे. सेतू बांधताना दगड तरंगले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तरी जाता जाता म्हणालेच, ‘‘आपला मँगनीज असता ना, तं रामाचं नाव लिहूनही बुडाला असता.’’ भक्ती भक्तीच्या जागी, वजन वजनाच्या जागी.

रिटायर झाल्यावर मात्र माणूस पार घसरला. हे काकूंचं मत. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांवर भाग चालली. पहिली काही वर्षं काकाजी तिला ‘रडक्यांची पाळी’ म्हणत. पुढे संध्याकाळी तेच रिमोट घेऊन आधी बसू लागले. काकूंनी विचारलं, तर म्हणाले, ‘‘या घरात कोण कुठं हाय, त्यावर लक्ष ठेवाले लागते.’’

आता तर नवीनच खोड. काहीही लावलं की नातीला आधी विचारायचं, ‘‘शेवटी मरते का कोणी?’’ मरत असेल तर बंद. ज्या माणसाला दहाव्या पानावर प्रेत लागायचं, तो आता कुत्रं आजारी पडलं तरी चॅनल बदलतो. ‘केजीएफ’ लावला तर खाणीतले हजारो मजूर पाहून म्हणाले, ‘‘एकाच्याही डोक्यावर टोपी नाई! हजेरी कोण घेते यांची?’’ आणि उठून गेले.

परवा नातीनं ‘मिशन रानीगंज’ लावला. 1989 साली कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं, तेव्हा जसवंतसिंग गिल साहेबांनी लोखंडी कॅप्सूलमधून पासष्ट माणसं वर काढली, त्याची ही गोष्ट. काकाजी हलले नाहीत. चहा गार झाला. पहिला माणूस वर आला आणि त्यांचं बोट मांडीवर टेकलं. एक. मग दोन. शिफ्ट सुटल्यावर केजच्या, म्हणजे खाणीतल्या लिफ्टच्या, तोंडाशी उभं राहून मोजायचे, अगदी तसंच. मध्ये जाहिरात आली, तर बोट तिथंच दाबून धरलं.

गिल साहेब वर आले. पडद्यावर जयजयकार. काकाजींचं बोट मात्र अठरावर.

‘‘पासष्ट म्हणालती ना तू?’’

‘‘आजोबा, सिनेमात सगळे थोडीच दाखवतात! मधले गाळतात.’’

‘‘गाळले?’’ काकाजी ताडकन उठले. ‘‘बाकीचे खालीच रायले? मागं घे ते. पुन्हा लाव.’’