त्या बाजूला जातोच आहोत तर

आमच्या घरात सांत्वनाची भेट कधी एकटी निघत नसे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या कुणाकडे भेटायला जायचं ठरलं, की आजी आधी खुंटीवरची कापडी पिशवी काढायची. "त्या बाजूला जातोच आहोत तर" हे तिचं पालुपद. त्या बाजूला चक्की असायची, शिंपी असायचा, दुरुस्तीला टाकलेला कंदील असायचा. मात्र या सरमिसळीचे नियम कडक होते. दळण आधी घ्यायचं नाही, कारण ते घेऊन सुतकाच्या घरात जाता येत नाही. भेटून निघाल्यावर वाटेत कुणाच्या घरी टेकायचं नाही. शिंप्याचं दुकान त्याच्या राहत्या घराच्या ओसरीवर असल्याने ते घर धरायचं की दुकान, यावर आजी आणि आत्या रस्त्यात थांबून बराच वेळ खल करत. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे तिथून उठताना 'येतो' म्हणायचं नाही. एरवी 'जातो' म्हटलं की टपली मारणारी आजी त्या एका उंबऱ्यावर गप्प उभी राहायची, पदर सारखा करायची आणि मान हलवून पायरी उतरायची. दोन्ही क्रियापदं एकाच वेळी बंद पडल्यावर माणूस निघतो कसा, याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे त्या आत्याबरोबर, तिच्या शहात्तराव्या वर्षी, मी पोलंडला गेलो. तिची नात क्राकोवला शिकते. नातीने आमच्यासाठी बसची तिकिटं काढून ठेवली होती आणि ती हातात देताना तिच्या चेहऱ्यावर काटकसरीचा निर्मळ आनंद होता. "आजी, दोन्ही एकाच दिवसात होतं. सकाळी ऑश्वित्झ, दुपारी मिठाची खाण." क्राकोवमधल्या सहलीच्या फलकांवर ही दोन नावं मीठभाकरीसारखी जोडीने येतात. खाणीला १९७८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, छळछावणीला १९७९ मध्ये. तेव्हापासूनचाच हा शेजार असावा तसा. प्रत्यक्षात ऑश्वित्झ शहराच्या पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटरवर आणि व्येलिच्काची खाण आग्नेयेला चौदा-पंधरा किलोमीटरवर, म्हणजे आजीचं 'त्या बाजूला' हे तत्त्व नकाशावर काही टिकत नाही. पण वेळापत्रकाला दिशांशी काय करायचंय! त्यात मारल्या गेलेल्या अकरा लाख माणसांना साडेतीन तास होते, जेवणाला अर्धा तास, आणि मिठाला तीन तास.

आत्याने तिकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. 'व्येलिच्का' तिच्या तोंडात बसेना. "वेलचीची खाण म्हण की सरळ," ती म्हणाली, आणि आमच्यापुरतं ते बारसं होऊन गेलं. अडचण वेगळीच निघाली. नेमकी त्या दिवशी संकष्टी. कालनिर्णयात आपल्या गावांच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, क्राकोवची नसते. नातीने फोनवर शोधून सांगितलं की आषाढात इथला चतुर्थीचा चंद्र रात्री अकराच्या सुमाराला उगवतो. आत्याने हे ऐकून पोलंडकडे जरा आदराने पाहिलं. इतका कडक उपास करायला लावणारा देश तिला पहिल्यांदाच भेटत होता.

पोलंड मात्र तिला अगदीच परका नव्हता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. रशियाने घरांतून उचलून सैबेरियाच्या बाजूला धाडलेली, तिथून इराणमार्गे वाचत वाचत आलेली पाचेक हजार माणसं, त्यांत बायका आणि पोरंच जास्त. माझे आजोबा तिथं सायकलवरून दूध घालायचे. आत्याचा जन्म ती माणसं परत गेल्यावरचा. तिच्या वाट्याला वारशाने एकच पोलिश शब्द आला, 'जेंदोब्री'. सकाळच्या रामरामासारखा तो शब्द आहे हे तिला फार उशिरा कळलं. लहानपणी घरात तो इतक्या लाडाने उच्चारला जायचा की ती त्याला मिठाईचं नाव समजत होती. पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. त्याचं आता गांधीनगर झालंय, आणि सगळं कोल्हापूर तिथं कापड घ्यायला जातं. आत्याच्या पिढीला मात्र अजून तो 'कॅम्प'च. "कॅम्पात जाऊन येते" म्हणजे साडीला फॉल लावून आणते. तिच्या लेखी कॅम्प म्हणजे जिथं दूध जातं ती जागा.

सकाळी बसमध्ये चढताना तिने ड्रायव्हरला खणखणीत 'जेंदोब्री' घातला. तो इतका चकित झाला की त्याने उठून तिची पिशवी वर ठेवली. मोठी पिशवी छावणीत नेता येत नाही म्हणून ती बसमध्येच राहिली. तिच्यात राजगिऱ्याचे लाडू होते, स्टीलच्या एका डब्यात. हा डबा आत्याच्या लग्नात आजीने दिलेला. भांड्याच्या दुकानाबाहेर छोटी हातोडी आणि छिन्नी घेऊन बसणाऱ्या माणसाने त्यावर टिंबाटिंबांनी नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' असं कोरलंय. नाव घातल्याशिवाय भांडं घराबाहेर पाठवायचं नाही, नाहीतर परत येत नाही, असं आजीचं म्हणणं होतं.

छावणीतल्या तासांबद्दल मी फार लिहिणार नाही. कानांना यंत्र लावलेलं असतं, त्यातून वाटाड्या बाई हळू बोलत असतात, आणि तीसेक माणसं एका लयीत चालतात. दुतर्फा पॉपलरची झाडं आहेत, विटांच्या दुमजली इमारती आहेत, आणि ते सगळं एखाद्या जुन्या सरकारी वसाहतीसारखं नीटनेटकं आहे. या नीटनेटकेपणाची तयारी मी केलेली नव्हती. काचेमागे बुटांचे ढीग आहेत. संग्रहालयाने जपलेले असे बूट एक लाख दहा हजारांच्या घरात आहेत. आत्या तिथं थांबली नाही. बॅगांपाशी थांबली. ३,८०० बॅगा, त्यांतल्या २,१०० बॅगांवर मालकांची नावं, पांढऱ्या रंगात, मोठ्या अक्षरांत, घाईत रंगवलेली. हरवू नयेत म्हणून. आणि मग भांडी. १२ हजारांहून जास्त पातेली, किटल्या, झाकणं, कढया. निळी, तांबडी, कुठं कुठं टवका उडालेली. आत्याने कानातलं यंत्र काढून हातात घेतलं.

"संसार मांडायला निघाल्या होत्या रे," ती म्हणाली. एवढंच.

बिर्केनाऊला, म्हणजे छावणीच्या दुसऱ्या भागात, रूळ जिथं संपतात तिथं ती वाकली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. आजूबाजूच्यांना वाटलं म्हातारीला भोवळ आली. एका उंच मुलाने धावत येऊन तिला पाण्याची बाटली दिली. उपासाला पाणी चालतं, ती ते प्यायली. फाटकातून बाहेर पडताना मी मुद्दाम तिच्याकडे पाहत होतो. तिने मागे वळून पाहिलं, पदर सारखा केला आणि मान हलवली. म्हटलं काहीच नाही.

मग आला तो जेवणाचा अर्धा तास. बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर कागदी पिशवी होती, तिच्यात पाव, सफरचंद आणि पाणी. आणि पंचवीस-तीस सुशिक्षित माणसं त्या पिशवीकडे अशी बघत होती, जणू ती कुणा दुसऱ्याची आहे. भूक लागली होती, यात शंका नाही. पण पहिला कागद कुणी उलगडायचा? असं अवघडलेपण मी फक्त नव्या नवरदेवाच्या पहिल्या पंगतीत पाहिलंय. शेवटी मागच्या बाकावरच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने वेफर्सची पुडी फोडली. त्या आवाजासरशी सगळ्या बसने श्वास सोडला, आणि कागदांची एकच सळसळ झाली.

मला आजोबा गेले तो दिवस आठवला. स्मशानातून आल्यावर मोठ्यांनी दारातच पाय धुतले, कडुनिंबाचा पाला चावून थुंकला. मग शेजारच्या काकूंनी आणलेलं पिठलं-भात सगळ्यांना वाढलं. मी नऊ वर्षांचा होतो. तसं पिठलं मी आजतागायत खाल्लेलं नाही, आणि मी ते दुसऱ्यांदा मागितलं. मागितल्यावर जी शांतता पसरली तिने माझे कान तापले. तेव्हा ही आत्याच उठली होती आणि तिने माझ्या ताटात डाव पालथा केला होता. आता तीच डबा माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुझा कुठं उपास आहे? खा."

खाणीत उतरायला आधी जवळजवळ ३८० लाकडी पायऱ्या आहेत, गोल गोल फिरणाऱ्या. आत्या प्रत्येक वळणावर "पर्वती उलटी" असं पुटपुटत होती. आत बारमाही एकसारखा गारवा. भिंती मिठाच्या आहेत, पण मीठ पांढरं नाही. करडं, हिरवट, बेसॉल्टच्या कातळासारखं. सव्वा कोटीहून जास्त वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, तो आटला आणि गाडला गेला. शेकडो वर्षं माणसांनी तो पोखरून वर नेला. पोखरता पोखरता खाणकामगारांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मिठाचे बुटके कोरले, राजे कोरले, संत कोरले, आणि जमिनीखाली १०१ मीटरवर अख्खं देऊळ कोरलं, संत किंगाचं. त्याची फरशी मिठाची, वेदी मिठाची, झुंबरांचे लोलकही शुद्ध केलेल्या मिठाचे. किंगा ही हंगेरीची राजकन्या. लग्न होऊन पोलंडला येताना तिने आपली अंगठी माहेरच्या खाणीत टाकली आणि ती इथं निघालेल्या मिठाच्या पहिल्या ढेकळात सापडली, अशी कथा आहे. "म्हणजे माहेरचं मीठ बरोबर घेऊन आली," आत्याने निकाल दिला. वाटाड्याने इंग्रजीत पाच मिनिटं सांगितलेली गोष्ट तिने अशी सहा शब्दांत आटोपली.

एका बोळात वाटाड्या थांबला आणि म्हणाला, विश्वास नसेल तर भिंत चाटून बघा. सकाळी काचेपुढे गोठलेली तीच माणसं आता रांगेत उभी राहून भिंती चाटू लागली. वेफर्सवाला मुलगा तर भिंतीला चिकटलाच. त्यात काही वावगं आहे असं मला वाटेना, याचंच मला वावगं वाटत होतं.

आत्यापुढचा प्रश्न अधिक गंभीर होता. खाणीतलं मीठ म्हणजे शेंदेलोण, उपासाला चालणारं. घरी ती सैंधवाला अजून शेंदेलोणच म्हणते. पण उष्टं? शतकानुशतकांच्या पाहुण्यांची उष्टी भिंत संकष्टीला चालते का? शिंप्याच्या ओसरीचा निवाडा करणारी आजी आता नव्हती. आत्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं तोंड पोचणार नाही अशा, छताजवळच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि त्या पाणीवाल्या उंच मुलाला खुणेने बोलावलं. तोही आमच्याच बसमधला. त्याने ओल्या रुमालाचं टोक तिथं घासून दिलं. तिने ते जिभेला लावलं, डोळे मिटले. "खारट आहे," ती म्हणाली, जणू तेवढ्यासाठीच आम्ही सात समुद्र ओलांडून आलो होतो.

पुढच्या एका दालनात मात्र मी पुस्तकात वाचलेली एक गोष्ट तिला सांगून बसलो. सांगायला नको होती. १९४४ मध्ये जर्मनांनी याच खाणीत विमानांच्या भागांचा कारखाना उभारायचा घाट घातला आणि त्यासाठी छावण्यांतले ज्यू कैदी आणून इथं राबवले. आत्या काही बोलली नाही. झुंबरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे पण त्या बाजूलाच."

वर यायला लिफ्ट आहे. लहान, काळोखी, आणि माणसं तिच्यात लोणच्यासारखी दाबून भरतात. दार लागायच्या क्षणी आत्याने सवयीने मागे वळून मिठाच्या त्या काळोखाला म्हटलं, "ये..." आणि थांबली. लिफ्ट सुटली. तिचा हात माझ्या मनगटावर होता, अजून खारट, ओलसर. वर कडक ऊन होतं. संध्याकाळचे सहा वाजून गेले तरी सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता.

चंद्र अकरा वाजून गेल्यावर दिसला, समोरच्या इमारतीच्या गच्चीआडून, तांबूस, थोडा कापलेला. मोदक नव्हते. राजगिऱ्याचा उरलेला एक लाडू नैवेद्याला ठेवला, मग तिघांत वाटून खाल्ला. नात झोपायला गेली. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा आत्या मोरीपाशी दिव्याखाली उभी होती, घासलेला डबा उजेडाकडे धरून. टिंबांच्या अक्षरांत राजगिरा अडकला होता. केसातली पिन काढून ती एकेक टिंब साफ करत होती.