औंधच्या पंतांबद्दल, जरा इकडे या

वहिनी, या की जरा कुंपणापाशी. नाही हो, सूनबाईचं काही नाही. औंधच्या पंतांबद्दल बोलायचंय. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, भवानराव. गेले ते १९५१ सालीच, म्हणून काय झालं? जिवंत माणसांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून वाईटपणा घेण्यापेक्षा हे बरं.

तुमच्याकडे मुंबईचे पाहुणे येणार ना? मग पुन्हा त्यांना महाबळेश्वरला नेऊ नका. घाटात गाड्यांच्या रांगेत बसायचं, स्ट्रॉबेरी क्रीम खायचं आणि घोडेवाल्याशी हुज्जत घालून परत यायचं. त्यापेक्षा रहिमतपूरवरून सरळ औंधला जा.

यमाई तुमची कुलदेवी, डोंगर तुम्ही चढलायत, ठाऊक आहे मला. पण वर जाताना वाटेत ते भवानी संग्रहालय लागतं, तिथं कधी पाय ठेवलात? बघा, नाहीच ना! आपली माणसं ओटी भरतात, फोटो काढतात आणि खाली उतरून भेळ खातात. तुमच्या हॉलमध्ये रविवर्म्याची छापील लक्ष्मी आहे ना, त्याच रविवर्म्याची हातानं रंगवलेली खरी तैलचित्रं तिथं आहेत. अगदी समोर उभं राहून नथीतला मोतीसुद्धा निरखता येतो. मागून ‘चला, पुढे सरका’ म्हणणारं कोणी नसतं. मला तर छोटी संग्रहालयं यासाठीच आवडतात. मुंबईत पाय दुखेस्तोवर फिरायचं आणि घरी आल्यावर काय बघितलं ते आठवायचं नाही.

आणि ऐका, हेन्री मूर म्हणून एक मोठा इंग्रज शिल्पकार होऊन गेला. त्याचं दगडातलं आई-मूल आहे तिथं. आपल्या खटाव तालुक्यात! परदेशात अशा शिल्पासाठी लोक तिकीट काढून जातात. आपल्याकडे त्याच्याजवळून पोरं बूट वाजवत पुढे पळतात, तलवारी बघायच्या असतात त्यांना.

आता पंतांचं सांगते. हे संग्रहालय त्यांनी १९३८ साली उभं केलं. माणूस स्वतः चित्रं काढायचा, सगळं रामायण चितारलंय त्यानं. राजा असून कीर्तनाला उभा राहायचा. सूर्यनमस्काराचं तर इतकं वेड, की स्वतः घालायचे, शाळेतल्या पोरांना घालायला लावायचे आणि वर त्यावर पुस्तकही लिहिलं. आपल्याकडे व्यायामाचं नाव काढलं की भाऊजींचा गुडघा दुखतो, ते राहू द्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवली, तर त्यासाठी लाख रुपये द्यायचं यांनी कबूल केलं. त्या काळचे लाख बरं का! आणि राज्य केवढं? बहात्तर गावं, तीही सलग नाहीत. औंध इथं, आटपाडी तिकडे लांब, कुंडल आणखी तिसरीकडे. किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० साली कुंडलजवळ जागा दिली तीही यांनीच. किर्लोस्करवाडी ती.

पण खरी गंमत पुढे आहे. तुमच्या सासूबाईंनी हयातीत कपाटाच्या किल्ल्या दिल्या होत्या का तुमच्या हाती? या माणसानं राज्यच देऊन टाकलं. मुलगा अप्पासाहेब विलायतेत शिकून आला. मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलंडचा इंजिनिअर त्याचा दोस्त. या मंडळींनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि १९३९ साली औंधात प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आली. गावोगाव पंचायती. तेव्हा बाकीचे संस्थानिक शिकारी आणि मोटारींत दंग. दरबारातल्या जुन्या कारभाऱ्यांचे चेहरे काय झाले असतील, मला ते बघायला हवे होते!

फ्रीडमनचं आणखी एक. कैद्यांना भिंतीआड कशाला कोंडायचं, म्हणून आटपाडीजवळ उघड्या माळावर त्यांची वसाहत केली, स्वतंत्रपूर. शेती करा, घरच्यांबरोबर राहा. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला ना, त्याचं मूळ ते. गोष्ट गदिमांनी लिहिली. ते त्याच माणदेशातले, त्यांना सांगायला लागलंय थोडंच!

मेणवली? हो, तीही दाखवा, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. पाहुण्यांना ‘स्वदेस’ सिनेमातली जागा म्हणून सांगितलंत की ते धावत येतील. तिथली ती मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आली म्हणतात. देवळात पोर्तुगीजांची घंटा, कोणाला खटकत नाही, हे मला फार आवडतं.

लिंबची बारा मोटांची विहीर मात्र चुकवू नका, हायवेपासून आत थोडीशीच आहे. आणि आता जवळ या, हे मोठ्यानं बोलायचं नाही. विहीर बांधली विरूबाईंनी, शके १६४१ ते १६४६. म्हणजे १७१९ ते १७२४. शिलालेखच आहे तिथं. या विरूबाई थोरल्या शाहू महाराजांच्या. लग्नाच्या राणी नव्हत्या, पण वाड्यातला सगळा कारभार त्यांच्या हाती. दोन राण्या होत्या, पण शब्द चालायचा तो यांचा! १७४० साली विरूबाई गेल्या आणि मग राण्यांच्या भांडणांनी महाराज बेजार झाले. म्हणजे घर कोण सांभाळत होतं, ते बघा.

विहीर एकशेदहा फूट खोल, आणि आत चक्क महाल. खांबांवर कोरीव काम, बसायला जागा, उन्हाळ्यात काय गार वाटत असेल! नाव बारा मोटांचं, पण मोटांच्या जागा पंधरा आहेत. आसपासची आमराई हिच्यावर पोसायची. आता काही शहाणे वरून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकतात. तुमच्या पाहुण्यांतल्या कोणी बाटली टाकली तर मी बोलणार, आत्ताच सांगून ठेवते.

इतिहासकार पारसनीसांनी साताऱ्यात जुन्या गोष्टींचा केवढा ठेवा जमवला होता, तो १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तेव्हा इथं उरलंय ते तरी बघून घ्या.

सोमवारी मात्र नका ठरवू. संग्रहालयांना बहुधा सुट्टी असते, आधी फोन करून विचारा. रविवारी सकाळी लवकर निघालात तर उन्हाच्या आत डोंगर चढून होईल. पोळ्या आणि चटणी मी करून देते. आणि वहिनी, गाडीत पाचवी जागा राहील ना? मागे मध्ये बसेन मी, मला चालतं.