खेपेला ४७ रुपये

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी सोलापूर आणि धाराशिवच्या शिवारात घुसली. सोयाबीन गेलं, दावणीची जनावरं गेली. पण करमाळा, माढा, परांड्याच्या काठावरच्या शेतकऱ्याचा खरा घोर वेगळा आहे. त्याचं रान खरवडून गेलं. काळी माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला.

या भागातली रब्बी ज्वारी पावसावर येत नाही. पाऊस सरल्यावर काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर मालदांडी उभी राहते; माणसाला भाकरी देते, जनावराला कडबा. मुरमात ती ओल टिकत नाही. सोयाबीन पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येईल. ही ज्वारी कशात पेरायची?

राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख. आता हिशेब मांडा. हेक्टरभर रानावर फूटभर माती पसरायला सुमारे ३,००० घनमीटर माती लागते. एका ट्रॉलीत ३ घनमीटर धरली तर झाल्या १,००० खेपा. म्हणजे खेपेला ४७ रुपये! यात ट्रॅक्टरचं डिझेल तरी भागेल का?

वर हेक्टरी ३ लाख रुपये रोजगार हमीतून मिळणार, असंही जाहीर झालं. रक्कम मोठी आहे, मान्य. पण रोजगार हमी मजुराच्या हाताला काम देण्यासाठी आहे. त्याची जागा घेणारी यंत्रं तिथे शक्यतो चालत नाहीत. हजार ट्रॉल्या माती काय घमेल्याने भरायची?

पीकविम्याकडे बघावं तर २०२५ च्या खरिपापासून राज्याने स्थानिक आपत्तीची भरपाई योजनेतून काढून टाकली. उरला पीक कापणी प्रयोग, तोही महसूल मंडळाच्या सरासरीवर. माळावरच्या शेतांत बरं पिकलं की काठावरच्याचं नुकसान सरासरीत बुडालं. आणि माती गेली, तिला तर विमाच नाही.

१९७२ च्या दुष्काळाने याच महाराष्ट्राला रोजगार हमी दिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळात काम मागणं हा हक्क झाला. पुराच्या वाट्याला मात्र अजून दरवेळी नवी घोषणाच येते, आणि ती किती मोठी व्हायची हे त्या वेळच्या राजकारणावर ठरतं. हे बदललं पाहिजे. किती माती गेली ते पंचनाम्यात इंचांत लिहा. जवळच्या तलावांतला गाळ आधी या रानांना द्या, वाहतुकीसकट, आणि तिथे यंत्र लावायची मुभा ठेवा. रान पुन्हा ज्वारीजोगं होईपर्यंत त्या घराला दरवर्षी ठरावीक रक्कम द्या. आणि हे सगळं कायद्यात लिहा, म्हणजे सीनाकाठच्या माणसाला पुढच्या पुरात कुणाच्या दौऱ्याची वाट पाहावी लागणार नाही.