एकटोपी चाकरमानी

मुंबईत नोकरी करून शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी परतणाऱ्या माणसाला कोकणात चाकरमानी म्हणतात. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत अलीकडे या वर्गाची एक पोटजात आढळते, जिला ‘एकटोपी’ म्हणणे सोयीचे ठरेल, कारण सबंध जेवण एकाच टोपात आणि तेही पंचवीस मिनिटांत होते, असा तिचा सिद्धान्त आहे. त्याची सिद्धता थाई पद्धतीच्या मासे-भाताने केली जाते.

कृती वरकरणी निर्दोष आहे. तेलावर आले, लसूण व मिरची परतून त्यात तांदूळ, नारळाचा रस आणि पाणी घालावे, भात शिजत आला की माशाच्या तुकड्या वर मांडून झाकण ठेवावे. माशाला पाच-सात मिनिटांची वाफ पुरते आणि तो आधीच घातला तर त्याचा लगदा होतो. मात्र या हिशेबात महाडच्या बाजारातून मासे आणण्यात गेलेली सकाळ धरलेली नसते, तसेच खोबरे खवण्याची परात, रस गाळण्याचे पातेले आणि मुलांच्या वरणाचे भगुणेही मोजलेले नसते. ती भांडी काकी घासते, म्हणून ती सिद्धान्ताबाहेर राहतात.

परदेशी नावावरील निष्ठा हे या पोटजातीचे दुसरे लक्षण होय. थायलंडमध्ये लिंबू घालून वाफवला जाणारा ‘प्ला कापोंग खाओ’ हा रायगडच्या खाड्यांतला जिताडाच आहे, हे तिच्या गावीही नसते. ‘नाम प्ला’, म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या बारीक मासळीचे पाणी, एकटोपी अत्तरासारखे थेंबाथेंबाने शिंपडतो आणि फळीवरच्या सुकटीचा डबा उघडताच नाकाला रुमाल लावतो. मुंबईहून आणलेल्या लेमनग्रासच्या वाळक्या काडीला वास उरलेला नसल्याने अखेर न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले गवती चहाचे आळे मुळापर्यंत कापले जाते, कारण वनस्पती एकच असते.

जेवण उत्तम होते. खरवडीसाठी, म्हणजे बुडाला लागलेल्या खमंग भातासाठी, मुलांत भांडण जुंपते आणि सिद्धान्त सिद्ध झाल्याचे जाहीर होते. आक्षेप दुसऱ्या दिवशी पहाटे, परसातून रिकाम्या हाताने परतलेल्या काकीकडून येतो: “बाबा, गवती चहा तू भातात घातलास, आता चहात काय घालू, मासे?”