साहेबांच्या बाजूचा ब्रेक

ब्रेक दाबला की गाडी थरथरते, असं गॅरेजमध्ये मी सांगितलं आणि उत्तर साहेबांना मिळालं. साहेब म्हणजे माझा नवरा. त्यांच्याकडे लायसन्स नाही, शिकायची इच्छा नाही आणि क्लच कुठल्या पायाखाली असतो याबद्दल मतही नाही. पण गॅरेजमध्ये ते अशी जाणकार मान डोलावतात की मेकॅनिकने सगळं त्यांच्या मिशीलाच सांगितलं. "साहेब, डिस्क बेंड आहेत. दोन्ही बदलू. पॅड, बुशपण घेऊ. तसं गाडीचं वयच झालंय, काढूनच टाका."

आता मी काही साधीसुधी तक्रारदार नाही. कराडला कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं, त्यातही कंपन हा माझा हातखंडा. इतकी वर्षं जे फळ्यावर काढलं ते आपल्या पावलांनी दारात आलेलं बघून माणसाला काळजी वाटायला हवी. मला हुरूप आला. चाकाचा परीघ सुतळीने मोजला : १.७ मीटर. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला दहा फेऱ्या मारतं, ८० ला तेरा. वेग उतरेल तसे स्टिअरिंगचे ठोकेही संथ होत होते, म्हणजे दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता. ब्रेक न दाबता गाडी शांत, म्हणजे बॅलन्सिंगवर संशय नको. गाडी एबीएसच्या आधीच्या जमान्यातली, त्यामुळे पायाला ठोके देणारा तो संशयितही बाद. उरल्या पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रम. मोकळा रस्ता बघून, बटण दाबून धरून, हँडब्रेक हळूहळू ओढला. आमच्या गाडीत तो फक्त मागची चाकं धरतो. थरथर नाही. ड्रम निर्दोष सुटले.

मग आलेख काढला. आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर थरथर. थरथर मोजायला उपकरण नव्हतं, म्हणून साहेबांच्या तोंडून निघालेले 'अगं अगं' मोजले. ८० च्या आसपास असं देखणं शिखर आलं की मी गाडीतच "अनुनाद!" म्हणून ओरडले. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. ४० च्या खाली आलेख सपाट. आणि मेकॅनिकने ट्रायल घेतली ती गॅरेजसमोरच्या बोळात, एका म्हशीच्या मागून. "काही हलत नाही ओ, साहेब."

साहेबांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आमच्या गाडीला ब्रेक दोन आहेत. एक माझ्या पायाखाली, दुसरा त्यांच्या. त्यांचा कशालाही जोडलेला नाही, ही तांत्रिक बाब ते मनावर घेत नाहीत. कुंभार्ली घाट उतरताना चिपळूणपर्यंत ते गाडी एकट्याने रोखून धरतात. त्यांच्या ब्रेकचे प्रकार मला ठाऊक आहेत. समोर एसटी असेल तर सावकाश, चढत्या दाबाचा. कुत्रा असेल तर दोन्ही पायांचा. मी फोनकडे नुसतं पाहिलं तर टाच न उचलता, फक्त बोटांनी, सूचक. सोबत दाराच्या वरचं हँडल, तो त्यांचा हँडब्रेक. मी दुसरा गिअर टाकून इंजिनावर गाडी रोखते, डिस्क तापू नयेत म्हणून. त्यांना ते पटत नाही. पाय हलला नाही तर ब्रेक कसला?

पूर्वी मी यावर चिडत असे. हल्ली नाही. संध्याकाळच्या उजेडात त्यांचा पाय कधीकधी माझ्या आधी पडतो आणि रस्त्यावर खरंच कुणीतरी असतं. तेही बोलत नाहीत, मीही नाही. म्हणूनच 'वय झालंय' हे शब्द मला सोसत नाहीत. ते निदान नव्हे. बघायचा कंटाळा आलेल्या माणसाने फाडलेली चिठ्ठी आहे. गाडीच्या नावाने फाडा नाहीतर गुडघ्याच्या, मजकूर तोच.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "चालवतं कोण?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग मला, "हलतं कुठं, हातात का बुडाखाली?" अख्ख्या प्रकरणात हा पहिला वैज्ञानिक प्रश्न. हातात म्हणजे पुढे, बुडाखाली म्हणजे मागे. मी आलेख उलगडला, अनुनाद समजावला. त्यांनी आदराने ऐकलं, कागद हातात घेतला, जमिनीवर पसरला आणि चाकाचे नट त्यावर मांडून ठेवले.

डायल गेज लावल्यावर काटा नाचला. डिस्क तापून वाकते हा बहुतेक वेळा गैरसमजच. हबवर गंज साचला होता, शिवाय पंक्चरवाल्याने पान्याला पाइप लावून नट वाटेल तसे आवळलेले. त्यामुळे डिस्क किंचित तिरपी बसली, प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासत राहिली आणि कडेला जाड राहिलेल्या पोळीसारखी कमीजास्त झाली. किती? मिलिमीटरचे दोन-तीन शतांश. एवढ्याने माणसाचे हात थरथरतात. मिस्त्रींनी हब तारेच्या ब्रशने लख्ख केला. डिस्क लेथवर घासून घेतल्या. त्यांच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या वरच राहिल्या, म्हणजे अजून चालतील. नट टॉर्क रेंचने, फुलीच्या क्रमाने आवळले. ट्रायल हायवेवर झाली, ८० ला. स्टिअरिंग गप्प.

परत आल्यावर मिस्त्रींनी सवयीने चारी दारं उघडून आत एक नजर टाकली आणि डाव्या सीटपुढे वाकून थांबले.

"मॅडम, साहेबांच्या बाजूचं मॅट तेवढं बदला. लायनर संपलंय."