परहस्ते स्वयंदुरुस्ती

घरातली वस्तू बिघडली असता ती परक्याकडून दुरुस्त करून घेणे हा ज्यांना कुळाचा अधिक्षेप वाटतो, आणि त्याच वेळी सरकारी कायद्याच्या एकाही कलमाचा भंग आपल्या हातून होऊ नये असा ज्यांचा कटाक्ष असतो, अशा गृहस्थांची एक स्वतंत्र जमात आहे. पेन्शनीत निघालेल्या महसुली अंमलदारांत ती विशेष आढळते, आणि आमचे अप्पासाहेब, माजी मामलेदार, हे तिचे बिनविरोध अध्यक्ष होत. स्टोव्ह, शिवणयंत्र आणि विहिरीचा रहाट यांच्यापुरता हा दुहेरी बाणा निभावून जातो, कारण स्टोव्हला पिन मारण्यास कलेक्टरांची मंजुरी लागत नाही. पंचाईत उद्भवली ती रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत.

हे रिव्हॉल्व्हर तीर्थरूपांकडून वारसाहक्काने आलेले, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटच्या कारखान्यातले, पॉइंट बत्तीस बोराचे. अप्पासाहेबांनी त्यातून कधी सजीव प्राण्यावर बार काढल्याचे ऐकिवात नाही. खंडेनवमीला चौरंगावर तलवारीच्या शेजारी विराजमान होऊन झेंडूचे फूल माथ्यावर धारण करणे एवढेच त्याचे वार्षिक कर्तव्य. एका खंडेनवमीस नातवाने नारळ वाढवताना चौरंगाला धक्का दिला, रिव्हॉल्व्हर शहाबादी फरशीवर पालथे पडले, आणि अप्पासाहेबांनी सोवळे न सोडता जागच्या जागी पंचनामा केला: ‘पुढील माशी शाबूत. मागील खाचेचा उजवा कान आत कललेला. इसम मजकूर नारळासह हजर.’ भटजींनी भग्न शस्त्राची पूजा शास्त्रविहित नाही असा अभिप्राय देऊन त्या दिवसापुरते प्रकरण तलवारीवर निभावून नेले.

ज्यांचा या विद्येशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की नेम धरणे म्हणजे मागल्या खाचेच्या मधोमध पुढली माशी आणून दोहोंचे माथे एका रेषेत ठेवणे. खाच आणि माशी यांत पाच इंचांचे अंतर धरले, तर खाचेतली एक शतांश इंचाची चूक पंचवीस यार्डांवर जवळजवळ दोन इंचांची होते. हे गणित अप्पासाहेबांनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर इतक्या वेळा मांडले, की घरात आलेले एकही कार्य कोणत्या तिथीला आहे हे पुढे सांगता येईना. त्यांचा स्वतःचा हात वयोमानाने किती इंच थरथरतो, ही रक्कम मात्र त्यांनी हिशेबात धरली नाही. आणि ती कोणी सुचवलीही नाही.

वेब्लीच्या कारागिरांनी ही खाच सुटी ठेवलीच नाही. नळी पुढे मोडून काडतुसे भरायची ही घडण. बार होताना नळी आणि सांगाडा यांना एकत्र जखडून ठेवणारा, अंगठ्याने दाबायचा, रिकिबीच्या आकाराचा जो खटका, त्याच्याच माथ्यावर खाच कोरलेली. म्हणजे खाच गेली की अख्खे कुलूप बदलायचे, आणि बदली कुलूप मिळाले तरी ते ज्याच्या त्याच्या सांगाड्याला हाताने घासूनच बसवायचे. मिळण्याची तर आशाच नव्हती. १९५७ पासून परकीय चलनाची जी टंचाई पडली तिच्यात भल्याभल्या यंत्रांचे सुटे भाग बंदरापलीकडे राहिले. तेथे एका पेन्शनराच्या खटक्यासाठी आयात-परवाना कोण देणार?

मग स्वतःच्या हाताने का करू नये? येथे अप्पासाहेबांतला मामलेदार उभा राहिला. लिटनसाहेबाच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याला त्यांनी नोकरीत असतानाही खाजगीत शिव्या दिल्या होत्या. पण १९५९ चा अधिनियम स्वराज्याचा, १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेला, आणि त्याच्या पाचव्या कलमात शस्त्राच्या दुरुस्तीलाही निराळा परवाना सांगितलेला. अप्पासाहेबांनी वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश या तिन्ही नात्यांनी स्वतःची सुनावणी घेतली, आणि बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे, असा निकाल स्वतःविरुद्ध दिला. अपिलाची तरतूद ठेवली नाही.

या निकालातूनच त्यांच्या प्रतिभेला खरा बहर आला. त्यांनी त्या खटक्याचा तिप्पट आकाराचा शिसवी नमुना तयार केला, त्याचा कान वाकवून पुन्हा सरळ केला, आणि तो बगलेत मारून ते जिल्ह्याच्या गावी परवानाधारक बंदूक-मिस्त्रीच्या दुकानी दाखल झाले. मालक एक असावा, हात दुसऱ्याचे असावेत आणि दुरुस्ती मात्र मालकाची ठरावी, अशी ही योजना होती.

“मिस्त्री, कानस हलक्या हाताने चालवा.”

“साहेब, कानस अजून पेटीत आहे.”

अप्पासाहेबांचा पहिला प्रस्ताव कानावर पितळेचा डाग देण्याचा होता. मिस्त्रीने चष्मा कपाळावर सारला. आंच लागली की पोलादाचे पाणी उतरेल, खटका झिजत जाईल, आणि एखाद्या दिवशी बाराबरोबर नळीच उघडेल. त्या वेळी समोर कोणाचे तोंड असेल ते साहेबांनीच ठरवावे, असे तो इतक्या अदबीने बोलला की प्रस्ताव दप्तरी दाखल झाला. मग त्याने खटका सोडवला, खाचेत तांब्याची पट्टी धरली, आणि कललेला कान थंडाच, केसाकेसाने, बाहेर लोटला. प्रत्येक ठोक्याला अप्पासाहेब शिसवी नमुन्यावर तोच ठोका देत होते. त्यांच्या मते मूळ ठोका तो, आणि मिस्त्रीचा त्याची अस्सलबरहुकूम नक्कल. अधूनमधून त्यांनी, राष्ट्रीय रायफल संघटनेचे १९५१ सालचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर होते, याचीही मिस्त्रीला आठवण करून दिली. या दाखल्याचा खाचेशी संबंध काय, हे त्या गरिबाने विचारले नाही.

शेवटी चकाकी मारण्यासाठी खाचेवर काजळी धरायची वेळ आली, तेव्हा अप्पासाहेबांनी खिशातून देवघरातली कापराची डबी काढली. काजळी धरणे दुरुस्तीत मोडत नाही, असा निर्णय त्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवला होता. ज्योतीवर खटका फिरवताना त्यांची बोटे भाजली, पण चेहऱ्यावर जे समाधान होते ते जमाबंदी वेळेवर पूर्ण झाल्याच्या दिवशीही कोणी पाहिले नसेल.

मिस्त्रीने चाचणीचे बार मातीच्या बांधावर काढले. गोळ्या बोटभर डावीकडे गेल्या. अप्पासाहेब म्हणाले, खाच आणखी डावीकडे न्या. मिस्त्री म्हणाला, हा नियम पुढल्या माशीचा. खाच न्यायची ती गोळी जिकडे हवी तिकडे. त्याने उजवीकडची कड किंचित घासली, पुन्हा बार काढले, आणि काही न बोलता कागद पुढे केला.

अप्पासाहेबांनी कागद बारकाईने पाहून पावती मागितली. ‘खाच दुरुस्त केली’ एवढाच मजकूर पाहताच त्यांनी ‘मालकाच्या देखरेखीखाली’ हे शब्द घातल्याशिवाय रक्कम अदा होणार नाही, असे बजावले. मिस्त्रीने शब्द घातले आणि देखरेख करणाराची सही म्हणून जागा सोडून टाक पुढे केला. अप्पासाहेबांनी टाक घेतला, शाईत बुडवला, आणि पाचवे कलम आठवून तसाच धरून ठेवला. देखरेख ही दुरुस्तीत मोडते किंवा कसे, या मुद्द्यावर त्यांनी कलेक्टर कचेरीकडे अर्ज केला असून, निर्णय होईपर्यंत मुद्देमाल मिस्त्रीच्या कपाटात आहे. यंदाच्या खंडेनवमीला चौरंगावर शिसवी नमुना मांडला होता. भटजींनी अक्षता टाकण्यापूर्वी, याला परवाना आहे ना, एवढेच विचारून घेतले.